बिबट्याच्या नावावर नव्वद जीव

डहाणू रोड स्थानकाकडून पूर्वेला निघाले की किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाड्या हळूहळू मागे पडतात आणि भातखाचरे, पाडे व झाडीचे डोंगर दिसू लागतात. याच वाटेवर आशागड आहे. या परिसरातील काही विज्ञान-शिक्षकांशी गप्पा मारत असताना एका बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातील बिबटे दरवर्षी नव्वद माणसांचे प्राण वाचवतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. कात्रण त्यांनी वर्गातल्या फलकावर लावलेही होते. त्याच आठवड्यात त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या घरची शेळी बिबट्याने नेली. मुलगा फलकासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, हे खोटं आहे." बाईंनी आम्हाला विचारले, "सर, मुलांना सांगायचं तरी काय? बिबट्या आपला मित्र की शत्रू?"

त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे. त्यासाठी आधी फलकावरचा तो आकडा तपासावा लागेल.

आकडा आला कोठून?

हा आकडा २०१८ साली 'फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातला आहे. क्वीन्सलँड विद्यापीठातील अलेक्झांडर ब्रॅझकोव्स्की आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. विषय होता बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला महानगराच्या दाट वस्तीने वेढले आहे. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. त्यामुळे वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून बिबटे ओळखता व मोजता येतात. अशा मोजणीत २०१५ साली तेथे ३५ बिबटे आढळले. २०१८ च्या मोजणीत हा आकडा ४७ होता.

शोधनिबंधाचा युक्तिवाद पायरीपायरीने असा जातो. या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. म्हणजे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे बिबटे खातात. हे कुत्रे जगले असते तर त्यांनी वर्षाला हजाराच्या आसपास माणसांना चावा घेतला असता. त्यांतील काही कुत्रे रेबीजचे असते आणि त्यामुळे माणसे मेली असती. हे टळलेले मृत्यू किती? जास्तीत जास्त ९०.

शोधनिबंधाच्या सारांशात या आकड्यापूर्वी दोन अटी स्पष्ट लिहिल्या आहेत. हा आकडा 'गृहीतकांचा एक विशिष्ट संच धरल्यास' येतो, आणि तो 'जास्तीत जास्त' आहे. बातमीत येईपर्यंत पहिली अट गळाली, फलकावर येईपर्यंत दुसरीही गळाली आणि उरले ते एक ठाम विधान. याचा सगळा दोष वार्ताहरांना देणे मात्र बरोबर नाही. अनेक शक्यतांपैकी सर्वांत मोठा आकडा सारांशात कोणी ठेवला? संशोधकांनीच. आमच्या व्यवसायातील लोकांना ही सवय आहे, हे आम्ही आमच्यासह कबूल करतो. अनुदान देणाऱ्याचे आणि वर्तमानपत्राचे लक्ष वेधायचे तर मोठा आकडा हवा असतो.

गणित तपासून पाहू

शोधनिबंधातील पायऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही तपासता येतील अशा आहेत.

पहिली पायरी पाहू. १,५०० कुत्रे भागिले ३५ बिबटे, म्हणजे एका बिबट्यामागे वर्षाला सुमारे ४३ कुत्रे, किंवा साधारण आठ-नऊ दिवसांनी एक कुत्रा. हे सहज पटण्याजोगे आहे. शिवाय याला स्वतंत्र आधारही आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१६ साली 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील उसाच्या प्रदेशात बिबट्याच्या अन्नातील ८७ टक्के वजन पाळीव व गावातल्या प्राण्यांचे होते आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. बिबट्या कुत्रे खातो आणि भरपूर खातो, हे मान्य करू.

आता शेवटची पायरी. हजार चाव्यांमागे ९० मृत्यू, म्हणजे दर अकरा चाव्यांमागे एक मृत्यू. हे खरे असू शकेल का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. तिच्या निष्कर्षांनुसार देशात वर्षाला प्राणी चावण्याचे सुमारे ९१ लाख प्रसंग घडतात, आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे असतात. रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला ५,७२६ आहे. भागाकार करून पाहा. सुमारे १,६०० चाव्यांमागे एक मृत्यू येतो. या दराने हजार चाव्यांमागे एक मृत्यूही होत नाही. रेबीजच्या मृत्यूंचा जुना, वर्षाला सुमारे २०,००० चा अंदाज धरला, तरी हजार चाव्यांमागे दोन-तीन मृत्यू येतात. नव्वदपर्यंत पोचायचे तर चावणाऱ्या कुत्र्यांत रेबीजचे प्रमाण फार मोठे धरावे लागते आणि चावलेल्यांपैकी बहुतेकांना लस मिळतच नाही असेही धरावे लागते. मुंबईसारख्या, दवाखाने हाताशी असलेल्या शहरासाठी हे गृहीतक टिकणारे नाही.

दुसऱ्या वाटेनेही पडताळा घेता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी होती आणि देशाची १२१ कोटी. म्हणजे मुंबईचा वाटा साधारण एक टक्का. ५,७२६ चा एक टक्का सुमारे ५८. सगळ्या शहराच्या वाट्याला येणाऱ्या मृत्यूंपेक्षा बिबट्यांनी टाळलेले मृत्यू अधिक! यावर एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, "टळलेले मृत्यू मोजणीत दिसणारच नाहीत, मग ही तुलना कशी चालेल?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर असे. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते. बिबट्यांनी खाल्लेले १,५०० कुत्रे म्हणजे त्यांच्या दीड टक्क्याहून थोडे अधिक. उरलेले ९५ हजार कुत्रे मिळून जेवढी माणसे मारतात, त्याहून अधिक हे दीड हजार कुत्रे मारणार होते, असे आपल्याला मानावे लागेल.

आणखी एक अडचण गणिताबाहेरची आहे. बिबट्याने कुत्रा नेला की कुत्र्यांची संख्या एकने कमी झाली, असे वाटते. पण कुत्र्यांची संख्या ठरते ती कचऱ्यावर. उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या जागी नवी पिल्ले जगतात, आणि पिल्लांना लस टोचलेली नसते. बिबट्या लस दिलेला कुत्रा आणि न दिलेला कुत्रा यांत भेद करीत नाही. रेबीज थांबतो तो लसीने. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की विषाणूची साखळी तुटू लागते. गोव्यात २०१३ नंतर सरकार व स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव फिरून हेच केले. २०१९ पर्यंत तेथील माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले आणि कुत्र्यांतील रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटली. हे काम जाळी, सुया आणि चिकाटी यांच्या बळावर झाले, बिबट्यांच्या बळावर नव्हे.

हिशेबाबाहेर राहिलेली माणसे

आकडा फुगलेला आहे, एवढाच आमचा आक्षेप असता तर हा लेख येथेच संपला असता. खरा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे.

समजा, बिबट्यांमुळे वर्षाला नव्वद नव्हे, दोनच जीव वाचतात. तेही मोलाचेच. पण ते दोन जीव कोणाचे? शहरातील कोणाही अनामिक नागरिकाचे. आणि बिबट्याच्या शेजाराची किंमत कोण मोजतो? उद्यानाच्या आतील व कडेच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे, पहाटे उघड्यावर जाणारी बाई, अंगणात खेळणारे मूल. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला, विशेषतः २००४ साली, उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. जमा एकाच्या खात्यावर आणि खर्च दुसऱ्याच्या, तरीही बेरीज एकच, असा हा हिशेब आहे. आशागडच्या त्या मुलाला नेमके हेच खटकले होते. मुंबईत वाचलेल्या जिवांनी त्याची शेळी परत येत नव्हती.

शिवाय फायदा आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कचरा साचतो म्हणून कुत्रे जमतात, कुत्रे जमतात म्हणून बिबट्या वस्तीच्या कडेला येतो, आणि कडेला आलेल्या बिबट्याच्या वाटेत एखादे दिवशी मूल येते. ज्या साखळीला शोधनिबंध 'सेवा' म्हणतो, त्याच साखळीचे दुसरे टोक म्हणजे हल्ला. हे टोक झाकून मुलांना पहिले टोक दाखवणे हे विज्ञान नाही.

'शत्रू' म्हणणाऱ्यांचा हिशेब मात्र याहून चांगला आहे असे नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागाचे उदाहरण शिक्षकांनी अवश्य सांगावे. २००१ ते २००३ या काळात तेथे शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यांत पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी'मध्ये मांडले. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ते १७ झाले, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ओळखीचा मुलूख सुटलेले, बावरलेले जनावर अधिक धोकादायक ठरते, आणि रिकाम्या मुलखात नवे, अनोळखी बिबटे शिरतात, असा याचा अर्थ लावला जातो. शत्रू म्हणून केलेली कारवाई माणसांनाच महाग पडली.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यांत दगावली. त्यांत दोन मुले होती. अशा वेळी गावकऱ्यांचा संताप समजून न घेता त्यांना निसर्गप्रेमाचे धडे देणे क्रूरपणाचे आहे. बिबट्यांची संख्या वाढली आहे का, या प्रश्नालाही सावधपणे उत्तर द्यावे लागते. सरकारी अंदाजानुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये १,६९० बिबटे होते आणि २०२२ मध्ये १,९८५. पण ही मोजणी मुख्यतः जंगलांतली आहे. जुन्नर-शिरूरचा बिबट्या उसात जन्मतो व उसात वाढतो, आणि त्या उसात ही मोजणी पोचत नाही. जेथे भांडण सर्वांत तीव्र आहे, तेथेच आपले आकडे सर्वांत अपुरे आहेत.

दुसरी वही: 'रोगांचे कोठार'

वन्यप्राण्यांकडे पाहण्याची आणखी एक वही सध्या उघडली गेली आहे. तिच्यात प्राण्यांच्या नावावर वाचवलेले जीव नव्हे, तर पसरवलेले रोग मांडले जातात. कोविडनंतर ही वही फार जाड झाली आहे.

डहाणू-घोलवडचा माणूस वटवाघळांना चांगला ओळखतो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिकलेला चिकू माणसाइतकाच वटवाघळालाही आवडतो. त्यामुळे वाडीवाल्याचे आणि वटवाघळाचे भांडण जुनेच आहे. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि २०२१ मध्ये ही बातमी सर्वत्र पोचली. प्रतिपिंडे आढळणे म्हणजे त्या प्राण्याचा विषाणूशी केव्हातरी संबंध आला होता, एवढेच. त्यावरून माणसांत साथ आली किंवा येणार, असा निष्कर्ष निघत नाही. पण 'महाराष्ट्राच्या गुहेत निपाह' एवढेच शब्द वाचणाऱ्याला हा फरक कोण सांगणार? येथेही तीच गोष्ट घडली. शास्त्रज्ञांची अट गळाली, आकडा आणि भीती उरली.

नावेसुद्धा दिशाभूल करतात. 'माकडताप' हे नाव घ्या. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाजवळ हा रोग प्रथम लक्षात आला, आणि पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग व सावंतवाडी भागातील लोकांना त्याची झळ बसली आहे. काजूच्या बागांत काम करणारे आणि जळणासाठी जंगलात जाणारे त्यात अधिक सापडतात. हा विषाणू माणसाला देते ती गोचीड. माकड स्वतःच या रोगाने मरते, आणि बहुधा माणसाच्या आधी मरते. म्हणजे जंगलात मेलेले माकड ही आपल्याला मिळालेली आगाऊ सूचना आहे. ज्याने इशारा दिला, त्याच्याच नावावर आपण रोग लावला. माकडे हाकलून किंवा मारून गोचिडी कमी होत नाहीत. उलट माकडाच्या मृत्यूची खबर आरोग्य केंद्राला वेळेवर दिली, तर गावात गोचीड-प्रतिबंधक मलम पोचू शकते.

रोगांचा प्रवास जंगलाकडून गावाकडे एवढाच होतो, असेही नाही. शेजारच्या गुजरातेत गीरच्या सिंहांची संख्या १९६८ च्या सुमारास १७७ होती. २०२५ च्या गणनेत ती ८९१ झाली. संरक्षणाचे हे मोठे यश आहे. पण २०१८ मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले, आणि तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आढळला. हा विषाणू मुळात कुत्र्यांमध्ये आढळणारा आहे. वाघ-सिंहांच्या बाजूने कोणी वही ठेवली असती, तर 'रोगांचे कोठार' म्हणून तिच्यात माणसाच्या वस्तीचे नाव लिहिले गेले असते.

दोन्ही वह्यांचा दोष एकच आहे. त्या प्राण्याला सुटा काढतात आणि त्याच्यापुढे जमा किंवा खर्च लिहितात. रेबीज कुत्र्यात असतो, पण तो टिकतो कचरा, न टोचलेली लस आणि दूरचा दवाखाना यांच्या आधाराने. माकडताप गोचिडीत असतो, पण तो पसरतो जंगल तुटून बागा, गुरे आणि माणसे त्याच्या आत शिरतात तेव्हा. प्राण्याचा गुण-दोष म्हणून जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा आपल्या शेजाराचे वर्णन असते.

वाघोबाचा शेजार

शेजाराची ही कल्पना आशागडच्या परिसराला नवी नाही. वारली पाड्यांच्या शिवेवर, रानाच्या वाटेवर वाघोबाचे देवस्थान असते. कोठे कोरलेला दगड, कोठे लाकडी फळी. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला. आता 'वाघ' म्हणताना बहुधा बिबट्याच अभिप्रेत असतो. रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास वाघोबांची नोंद करून २०२१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात मांडलेले नाते मित्राचेही नाही आणि शत्रूचेही नाही. वाघोबाला मान द्यायचा, त्याच्या वाट्याचे त्याला द्यायचे आणि त्या बदल्यात त्याने माणसांचे व गुरांचे रक्षण करावे, अशी ती देवघेव आहे. ती मोडली तर तो कोपतो, असे मानले जाते. म्हणजे जनावराची भीती या नात्यातून वजा केलेली नाही. ती धरूनच शेजार निभावला जातो.

येथे दोन चुका टाळाव्यात. वाघोबाच्या पूजेने हल्ले थांबतात, असे विज्ञान-शिक्षकाने सांगू नये. त्याला तसा पुरावा नाही. दुसरी चूक शहरी निसर्गप्रेमींची आहे. आदिवासी बिबट्याला देव मानतात, तेव्हा त्यांना शेळी गेल्याचे दुःख नाही, असे समजून भरपाईचा अर्ज महिनोन्महिने पडून राहू देणे ही श्रद्धेची चेष्टा आहे. देवाला मानणारा माणूसही शेळीच्या पैशांवर मुलाची वह्या-पुस्तके घेतो. या परंपरेतून घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की बिबट्या उपयोगाचा आहे का हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. तो येथे आहे, राहणार आहे, मग आपण कसे वागायचे, हा प्रश्न तिने विचारला. आजच्या वन्यजीवशास्त्राला बऱ्याच चुका करून याच प्रश्नाकडे यावे लागले आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिले काम आकड्यांचे. कात्रण फलकावरून काढून टाकू नये. त्याशेजारी वरील भागाकार मुलांकडून करवून लावावेत. 'हा आकडा कोणी, कोठे, काय गृहीत धरून काढला?' हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर त्या कात्रणाचे सार्थक होईल.

दुसरे काम गावाचे. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत उकिरडे कोठे आहेत, त्यांवर सकाळ-संध्याकाळ किती कुत्रे असतात, त्यांतील किती नसबंदी झालेले म्हणजे कानाला खूण असलेले आहेत, याची महिनाभर नोंद ठेवता येईल. मृत कोंबड्या व मांसाचा कचरा कोठे टाकला जातो, हेही पाहावे. हा नकाशा ग्रामसभेपुढे मांडला तर तो कोणत्याही निबंधस्पर्धेपेक्षा अधिक कामाचा ठरेल. वाघोबाच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्याव्यात. बिबट्या पूर्वी कोणत्या वाटेने येई, गुरे केव्हा आत घेत, हे ज्ञान त्या गोष्टींत पुष्कळदा सापडते.

तिसरे काम जिवाचे. ते प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी व्हायला हवे. कुत्रा, मांजर, माकड किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला वा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात, आणि जखम खोल असेल तर रेबीज-विरोधी इम्युनोग्लोब्युलिनही लागते हे डॉक्टरांना विचारावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्याआधी तो जवळजवळ नेहमीच टाळता येतो. इतके स्पष्ट अंतर असलेले रोग फार थोडे आहेत. अंधार पडल्यावर मुलांनी एकेकटे बाहेर जाऊ नये, शक्य तेथे घोळक्याने, बोलत, दिवा घेऊन जावे. शेळ्या-कोंबड्यांना रात्री बंद गोठा असावा. पाखरांनी वा वटवाघळांनी उष्टावलेले फळ खाऊ नये. वटवाघळांच्या झाडाला आग मात्र लावू नये. बिथरलेली वटवाघळे इतरत्र पांगतात आणि धोका असलाच तर वाढतो.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. बिबट्या मित्र की शत्रू, असे मुलांनी विचारले तर आम्ही सुचवू, की त्या शब्दांऐवजी 'शेजारी' हा शब्द वापरून पाहावा. शेजारी आपल्या उपयोगासाठी तेथे राहत नसतो. कधी त्याचा त्रास होतो, कधी न सांगता उपकार होतो. आपण त्याची रोज बेरीज-वजाबाकी करीत बसत नाही. कुंपण नीट ठेवतो, दिवा लावतो, आपला कचरा आपण आवरतो आणि त्याच्या सवयी ओळखून असतो.

आणि ज्या मुलाने फलकासमोर उभे राहून "हे खोटं आहे" म्हटले, त्याला शाबासकी द्यावी. आकड्यावर शंका घेणारा त्या वर्गातला तो पहिला विद्यार्थी होता. त्याच्या घरच्या शेळीच्या भरपाईचा अर्ज वनखात्याकडे गेला आहे की नाही, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.